पापमोचनाच्या सनदा

सन १५१७ च्या आगेमागे जर्मनीतील माइन्त्स येथील महाधर्माध्यक्षाच्या कचेरीतून, त्याच्या मुलखात फिरणाऱ्या उपदेशकांच्या व कारकुनांच्या माहितीसाठी जो एक लेखी जाबता बाहेर पडला, तो आज वाचणाऱ्यास धर्मशास्त्रातील प्रकरण न वाटता एखाद्या सुभ्याच्या वसुलीची दरपत्रिकाच वाटेल. राजे, राण्या, राजपुत्र व धर्माध्यक्ष यांनी २५ ऱ्हेनिश सुवर्ण गुल्डन द्यावेत. मठाधिपती, मोठे सरदार व जहागीरदार यांनी १०. ज्यांची सालिना प्राप्ती ५०० गुल्डन आहे अशा लहान मानकऱ्यांनी ६. ज्यांची २०० आहे अशा नगरवासीयांनी व व्यापाऱ्यांनी ३. स्वतःच्या कमाईवर प्रपंच चालविणाऱ्या कारागिरांनी १. त्याहून हलक्या स्थितीतल्यांनी अर्धा. आणि ज्यांच्या गाठीला काहीच नाही त्यांनी प्रार्थना व उपवास करून आपला हिस्सा भरावा, कारण स्वर्गाचे राज्य श्रीमंतांइतकेच गरिबांनाही खुले असले पाहिजे, असे त्यात मोठ्या उदारपणे नमूद केले होते. या रकमेच्या मोबदल्यात देणाऱ्याच्या हाती एक छापील पत्र पडे. ते पत्र म्हणजे पापमोचनाची सनद.

या सनदांची कथा आपल्याकडील क्रमिक पुस्तकांतूनही सांगितली जाते, आणि तिच्यात लोभी धर्माधिकारी, भोळी प्रजा आणि दोघांच्या मध्ये उभा राहिलेला एक निर्भय संन्यासी अशी तीन पात्रे ठरलेली असतात. परंतु एवढ्याने या व्यापाराचा उलगडा होत नाही. कोणताही व्यापार केवळ विकणाऱ्याच्या लबाडीवर साडेचार शतके चालत नाही. घेणाऱ्याची निकडही त्यात तितकीच असावी लागते. ती निकड अशी, की आपल्या उद्धाराचा पुरावा मनुष्याला हातात हवा असतो, आणि देवाच्या दयेवर विसंबून राहण्यापेक्षा आपले देणे चुकते झाल्याची पावती त्याला अधिक भरवशाची वाटते. ख्रिस्ती लोक जिला कृपा म्हणतात ती या वृत्तीच्या आड येते, कारण ती न कमावलेली असते. आणि ज्याला आपल्या नीतिमत्त्वाचा अभिमान आहे त्याला न कमावलेले काही स्वीकारणे हा आपला अपमान वाटतो. सनदांचा व्यापार मोडला, पण ही वृत्ती मोडली नाही. किंबहुना ज्यांनी तो मोडला त्यांच्याच घरात तिने नवे बिऱ्हाड थाटले, हे पुढील हकिकतीवरून दिसून येईल.

या व्यापाराचा उगम मात्र व्यापारी नव्हता. प्राचीन ख्रिस्ती मंडळीत घोर पाप करणाऱ्यास सर्वांदेखत प्रायश्चित्त घ्यावे लागे व दीर्घकाळ प्रभुभोजनापासून दूर राहावे लागे. पुढे सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडमधील मठवासीयांनी खाजगी पापनिवेदनाची पद्धत रूढ केली आणि कोणत्या पापाला किती दिवस पाणी व कोरडी भाकर यांवर राहावे याच्या याद्या तयार केल्या. आजारी मनुष्याला किंवा कष्टकऱ्याला लांबलचक उपवास झेपत नसे, म्हणून त्याऐवजी इतकी स्तोत्रे म्हणावीत किंवा इतका दानधर्म करावा, अशी सवलत त्या याद्यांतच दिलेली असे. सवलत दयेपोटी दिली गेली होती, यात संशय नाही. परंतु अदलाबदल म्हटली की दर आला, आणि दर आला की बाजार फार दूर राहत नाही. सन १०९५ मध्ये क्लेरमों येथील धर्मसभेत पोप दुसरा अर्बन याने असे जाहीर केले, की मानाच्या वा धनाच्या आशेने नव्हे तर केवळ भक्तीने जो जेरुसलेमच्या मुक्ततेसाठी निघेल, त्याची ती यात्राच त्याच्या सर्व प्रायश्चित्ताच्या ठिकाणी धरली जाईल. स्वतः न जाता दुसऱ्याला शस्त्रे व खर्ची देऊन पाठविणाऱ्यालाही पुढे या पुण्यात वाटा मिळू लागला, आणि घरबसल्या मोबदला भरण्याचा मार्ग खुला झाला.

या व्यवहाराला शास्त्राधार हवा होता, तो तेराव्या शतकातील पंडितांनी पुरविला. ख्रिस्ताचे अनंत पुण्य आणि संतांनी आपल्या गरजेहून अधिक केलेले सत्कर्म यांचा एक अक्षय कोश मंडळीच्या स्वाधीन आहे व त्यातून ती दुर्बलांचे देणे भागवू शकते, हा विचार सन १२३० च्या सुमारास सेंट-शेरच्या ह्यू या धर्मपंडिताने मांडला, आणि सन १३४३ मध्ये पोप सहावा क्लेमेंट याने एका फर्मानाने तो अधिकृत केला. दरम्यान सन १३०० मध्ये पोप आठवा बोनिफेस याने रोमला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी महोत्सवी वर्ष घोषित केले होते. ते शंभर वर्षांनी एकदा यावयाचे ठरले होते. परंतु लोकांची गर्दी व रोमची प्राप्ती पाहून ती मुदत पन्नास, तेहतीस आणि अखेरीस पंचवीस वर्षांवर आली. शेवटी सन १४७६ मध्ये पोप चौथा सिक्स्टस याने स्वर्गात जाण्यापूर्वी शुद्धिस्थानात शिक्षा भोगणाऱ्या मृतांच्या आत्म्यांनाही या कोशाचा लाभ देता येतो असे ठरविले, आणि त्या दिवसापासून प्रत्येक घरातील निवर्तलेले आईबाप या वसुलीच्या कक्षेत आले.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की मंडळीच्या शास्त्राप्रमाणे या सनदेने पापाची क्षमा विकली जात नव्हती. पापाचा दोष पश्चात्तापाने व पापनिवेदनाने देवाकडूनच दूर होतो. मागे उरते ती ऐहिक शिक्षा, आणि सनदेने माफ होई ती ही शिक्षा, असा तो भेद होता. जिवंत माणसाने सनद घ्यावयाची तर आधी पश्चात्ताप व पापनिवेदन आवश्यक असे. सन १२१५ च्या लॅटेरन धर्मसभेने अशा सवलतींवर मर्यादा घातल्या होत्या आणि गावोगाव फिरणाऱ्या दानसंग्राहकांच्या थापांविषयी तक्रारही केली होती. अर्थात शास्त्र विद्यापीठात राहिले आणि व्यवहार बाजारात गेला. शिवाय माइन्त्सच्या त्या जाबत्यानुसार मृतांसाठी रक्कम भरणाऱ्याला पश्चात्ताप किंवा पापनिवेदन यांची अटही उरली नव्हती. पेटीत नाणे पडले की काम झाले.

छापखान्याने या व्यापाराला गती दिली. माइन्त्स नगरातच योहान गुटेनबर्गने सुटे खिळे जुळवून छापण्याची विद्या सिद्ध केली. त्याच्या बायबलाची कीर्ती जगभर झाली आहे. परंतु सुट्या खिळ्यांनी छापलेल्या व तारीख असलेल्या युरोपीय कागदांत सर्वांत जुने जे आज हाती आहेत, ते सन १४५४ व १४५५ मधील पापमोचनपत्रेच होत. तुर्कांपासून सायप्रस बेटाचे रक्षण करण्यासाठी द्रव्य उभारावयाचे म्हणून ती काढली होती. मजकूर सर्वांना सारखा, आणि नाव व तारीख यांसाठी मध्ये कोरी जागा. पूर्वी लेखनिकाला एक सनद उतरून काढण्यास जो वेळ लागे तेवढ्यात आता शेकडो निघू लागल्या, आणि ज्याच्या त्याच्या अंतःकरणाची परीक्षा करणारा पापनिवेदक मागे पडून कोऱ्या जागेत नाव भरणारा कारकून पुढे आला.

आता ज्या प्रसंगाने हा व्यापार उघड्यावर आला त्याकडे वळू. होहेनझोलर्न घराण्यातील आल्ब्रेख्त नावाचा राजपुत्र सन १५१३ मध्ये माग्डेबुर्गचा महाधर्माध्यक्ष झाला, हाल्बरश्टाटचा कारभारही त्याच्याकडे आला, आणि दुसऱ्याच वर्षी माइन्त्सची गादी रिकामी होताच तीही त्याने मिळविली. त्या वेळी त्याचे वय अवघे तेवीस-चोवीस वर्षांचे होते. धर्माध्यक्षाला किमान तीस वर्षांची अट होती, आणि एकाच माणसाने अनेक गाद्या धारण करणेही नियमबाह्य होते. नियम शिथिल करण्याचा अधिकार पोपकडे होता व त्याची किंमतही ठरलेली होती. ती भागविण्यासाठी आल्ब्रेख्तने आउग्सबुर्गचा धनाढ्य सावकार याकोब फुग्गर याच्या पेढीकडून सुमारे २९,००० गुल्डनांचे कर्ज काढले. त्या कर्जाच्या फेडीची सोय सन १५१५ मध्ये पोप दहावा लिओ याच्या फर्मानाने झाली. आल्ब्रेख्तच्या मुलखात आठ वर्षे सनदा विकाव्यात; निम्मी रक्कम रोममधील संत पेत्राच्या मंदिराच्या बांधकामाकडे जावी, आणि उरलेली निम्मी फुग्गरच्या खात्यात जमा व्हावी, असा तो करार होता. गावकऱ्यांना सांगितले जाई ते फक्त मंदिराचे. करारातला दुसरा हिस्सा त्यांच्या कानी जात नसे. दानपेटी उघडताना मात्र फुग्गरचा गुमास्ता जातीने हजर असे.

या कामावर नेमलेला योहान टेट्सेल हा डॉमिनिकन पंथाचा उपदेशक होता, आणि लोकांच्या काळजाला हात घालण्याची कला त्याला पुरेपूर अवगत होती. सॅक्सनीचा निर्वाचक राजपुत्र (इलेक्टर) फ्रेडरिक याने त्याला आपल्या हद्दीत पाऊल टाकू दिले नाही. परंतु त्यामागे धर्मसुधारणेची तळमळ नव्हती. व्हिटेनबर्गच्या किल्ल्यातील मंदिरात फ्रेडरिकने संतांच्या अवशेषांचा स्वतःचा एक मोठा संग्रह केला होता. सन १५०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या सचित्र यादीत ५,००५ अवशेषांची नोंद होती, आणि सन १५२० पर्यंत ती संख्या १९,०१३ वर गेली. ठरलेल्या दिवशी त्यांचे दर्शन घेऊन दान देणाऱ्यास शुद्धिस्थानातील लाखो वर्षांची सूट मिळे. आपल्या रयतेचा पैसा परक्याच्या पेटीत जाऊ नये, एवढाच त्या मनाईचा अर्थ होता. व्हिटेनबर्गचे लोक मात्र हद्द ओलांडून युटरबोग व त्सेर्ब्स्ट येथे जात, सनदा घेऊन येत, आणि आपल्या पापनिवेदकापुढे त्या ठेवून, आता आम्हाला जीवन पालटण्याची गरज नाही, असे सांगत. तो पापनिवेदक म्हणजे मार्टिन ल्यूथर.

ल्यूथरने या प्रकाराविरुद्ध लेखणी उचलली ती केवळ एका प्रामाणिक धर्मगुरूच्या संतापाने नव्हे. ज्या हिशेबात त्याची मंडळी गुंतली होती त्याच हिशेबात तो स्वतः कित्येक वर्षे होरपळून निघाला होता. सन १४८३ मध्ये जन्मलेला हा कायद्याचा विद्यार्थी जुलै १५०५ मध्ये वाटेत विजेच्या कडकडाटाने भयभीत झाला, संत ॲनला नवस बोलून बसला, आणि एर्फुर्टच्या ऑगस्टिनियन मठात दाखल झाला. उपवास, जागरणे, थंडीत कुडकुडणे, प्रार्थनांचे पाठ यांत त्याने कसूर केली नाही. संन्यासधर्माने कोणी स्वर्गाला जाऊ शकला असता तर आपण गेलो असतो, असे तो पुढे म्हणत असे. तासन्‌तास पापनिवेदन करून उठावे, आणि सांगावयाचे राहून गेलेले एखादे पाप आठवून पुन्हा माघारी यावे, असा त्याचा क्रम. त्याचे वडीलधारे गुरू श्टाउपित्स हेही त्याच्या या छळाला कंटाळून जात. मठाच्या कामासाठी रोमला गेला असता, तेथील पुण्यस्थळांच्या बळावर आपल्या आईबापांना शुद्धिस्थानातून सोडविता आले असते, ते अजून जिवंत आहेत याची त्याला हळहळ वाटली, असे त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. स्वतःच्या नीतिमत्त्वावर विसंबणारा मनुष्य म्हटला की ख्रिस्ताच्या दृष्टांतातील परूशी आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो: आठवड्यातून दोनदा उपवास करणारा, उत्पन्नाचा दशमांश देणारा, आणि शेजारच्या जकातदाराकडे बोट दाखवून देवाचे आभार मानणारा. एर्फुर्टचा हा संन्यासी त्याच्या अगदी उलट, आपल्या पापांनी खचलेला. परंतु जरा खोल पाहिले तर दोघांचा व्यवहार एकच आहे. एकाच्या वहीत नेहमी शिल्लक आणि दुसऱ्याच्या वहीत नेहमी बाकी. तथापि वही दोघांनीही उघडून ठेवली आहे, आणि ती आपल्याच हाताने पुरी केल्याशिवाय देवापुढे जावयाचे नाही हा हट्टही दोघांचा आहे. गर्व आणि निराशा ही एकाच अहंतेची दोन अपत्ये होत. ल्यूथरला हे उमगले ते व्हिटेनबर्गच्या विद्यापीठात स्तोत्रसंहिता व पौलाचे रोमकरांस पत्र यांवर व्याख्याने देता देता. देवाचे न्यायीपण म्हणजे आपली वही तपासणारा अंमलदार नव्हे, तर अपराध्याला ख्रिस्तासाठी पदरात घेणारे दान होय, आणि ते फक्त विश्वासाने स्वीकारावयाचे असते, हा अर्थ लागताच स्वर्गाची दारे उघडल्यासारखे वाटले, असे वर्णन त्याने सन १५४५ मध्ये, मृत्यूच्या आदल्या वर्षी, करून ठेवले आहे.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी ल्यूथरने आल्ब्रेख्तला एक पत्र लिहिले व त्यासोबत आपली ९५ प्रमेये पाठविली. ती त्याने मंदिराच्या दारावर ठोकली की नाही याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. पत्र मात्र त्याच तारखेचे आहे. विश्वासणाऱ्याचे संपूर्ण आयुष्य हाच पश्चात्ताप असला पाहिजे, येथून त्या प्रमेयांचा आरंभ होतो. गरजवंताला डावलून सनद विकत घेणारा देवाचा कोप विकत घेतो, असे ती बजावतात. आणि मंडळीचा खरा कोश म्हणजे देवाच्या कृपेचे शुभवर्तमान, असा त्यांचा गाभा आहे. आल्ब्रेख्तने ते कागद रोमला रवाना केले. ज्या छापखान्याने सनदा छापल्या त्यानेच आता ही प्रमेये छापून काही आठवड्यांत जर्मनीभर पसरविली. पुढील वर्षी ऑक्टोबरमध्ये पोपचा वकील कार्डिनल कायेटान याने ल्यूथरला आउग्सबुर्ग येथे चौकशीसाठी बोलाविले, आणि पुण्यकोशाविषयीचे सन १३४३ चे फर्मान त्याच्यापुढे ठेवून माघार घेण्यास सांगितले. कायेटानचा मुक्काम फुग्गरच्या वाड्यात होता. ज्या घरी त्या कर्जाची वही ठेवलेली होती, त्याच घरी कृपा विकत मिळते की फुकट मिळते याचा वाद झाला, यापेक्षा समर्पक जागा एखाद्या नाटककारालाही सुचली नसती.

त्या वाड्याच्या धन्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. याच सुमारास याकोब फुग्गरने आउग्सबुर्गच्या गरीब कॅथलिक कुटुंबांसाठी एक वसाहत बांधली. सन १५२१ च्या तिच्या दानपत्रात वर्षाचे भाडे एक ऱ्हेनिश गुल्डन ठरविले आहे, आणि राहणाऱ्यांनी संस्थापकासाठी व त्याच्या घराण्यासाठी रोज ठरावीक प्रार्थना म्हणाव्यात अशी अटही घातली आहे. ती वसाहत आजही नांदती आहे; भाडे वर्षाला एका युरोहूनही कमी आहे, आणि प्रार्थनेची अट कायम आहे. युरोपातील सर्वांत श्रीमंत सावकाराला आपल्या आत्म्याचे भवितव्य गरिबांच्या जपावर सोपवावेसे वाटले, त्यात धूर्तपणा किती व दीनपणा किती हे ठरविणे आपल्या हाती नाही. परंतु त्या जपाचीही त्याने सावकारी बाण्याने लेखी कबुली घेऊन ठेवली, हे खरे.

व्यापाराचा शेवट रोमनेच केला. ट्रेंटच्या धर्मसभेने जानेवारी १५४७ मध्ये, मनुष्याचे नीतिमान ठरणे हे त्याच्या कोणत्याही पूर्वपुण्याने नव्हे तर देवाच्या कृपेनेच सुरू होते, असे स्पष्ट शब्दांत ठरविले. सन १५६२ मध्ये दानसंग्राहकांचा हुद्दाच रद्द केला. आणि सन १५६७ मध्ये पोप पाचवा पायस याने, ज्यांत पैशाचा संबंध येतो अशा सर्व सनदा रद्दबातल ठरविल्या. टेट्सेलच्या युटरबोगपासून अवघ्या पन्नास वर्षांत ही दुकाने बंद झाली.

परंतु याच पन्नास वर्षांत ज्यांनी कृपेचा झेंडा उभारला, त्यांच्या छावण्यांत वेगळ्याच वह्या उघडल्या जात होत्या. त्याचा पहिला दाखला स्वतः ल्यूथरच आहे. पापी माणसाला फुकट क्षमा मिळते असे सांगणाऱ्या या पुरुषाने सन १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांना कापून काढण्याचा सल्ला राजांना दिला, आणि सन १५४३ मध्ये यहुद्यांविरुद्ध असा एक विषारी ग्रंथ लिहिला, की त्याची लाज त्याच्या अनुयायांना आजही वाटते. आपला सिद्धांत बरोबर आहे, या जाणिवेचीच त्याने शिल्लक धरली होती. जिनिव्हात धर्मसुधारक कॅल्विनने सन १५४१ मध्ये मंडळीची घटना तयार केली व तिच्याप्रमाणे पाळक आणि बारा वडील यांची एक सभा दर गुरुवारी बसू लागली. तिची दप्तरे उपलब्ध आहेत. नवराबायकोचे तंटे मिटविणे, भांडलेल्या शेजाऱ्यांचा समेट घडविणे ही तिची चांगली कामे त्यांत दिसतात. तशीच, कोण नाचला, कोणी जुन्या सवयीने लॅटिन प्रार्थना पुटपुटली, कोण उपदेशाला गैरहजर राहिला, याची चौकशीही दिसते. कृपेने तरलेल्यांच्या वर्तनाची ही हजेरी सनदेइतकी खर्चिक नव्हती, पण तिने शेजाऱ्याकडे रोखून पाहण्याची जी सवय लावली ती सनदांनी कधी लावली नव्हती.

याहून सूक्ष्म दाखला इंग्लंडातला आहे. सन १७२९ पासून ऑक्सफर्ड येथे जॉन वेस्ली, त्याचा भाऊ चार्ल्स व त्यांचे मित्र यांचे एक मंडळ जमले. बुधवारी व शुक्रवारी उपवास, तुरुंगातील कैद्यांच्या भेटी, गरिबांच्या मुलांना शिक्षण, आणि प्रत्येक तासाचा हिशेब, असा त्यांचा नेम होता. वेस्लीच्या त्या काळच्या रोजनिशीत तासातासाला आपल्या मनाची भक्ती किती होती याची १ ते ९ अशा आकड्यांनी नोंद केलेली आढळते. ट्रेंटने दुकाने बंद केल्यावर दीडशेहून अधिक वर्षांनी, प्रॉटेस्टंट धर्मगुरूच्या खिशात, त्याच्याच हस्ताक्षरात, पुण्याची ही वही पुन्हा उघडलेली पाहून कोणीही स्तिमित होईल. सन १७३६ मध्ये तो अमेरिकेतील जॉर्जिया येथे पोहोचला. तेथे सोफी हॉप्की नावाच्या तरुणीवर त्याचे मन जडले होते. तिने दुसऱ्याशी लग्न केल्यावर, सन १७३७ च्या ऑगस्टमध्ये, नियमाचे कारण पुढे करून त्याने तिला प्रभुभोजन नाकारले. फिर्याद झाली, पंचांपुढे आरोप मांडले गेले, आणि वर्षाअखेरीस तो वसाहत सोडून निघाला. दुसऱ्यांना देवाकडे वळविण्यासाठी गेलेले आपण स्वतःच वळलेले नव्हतो, असे त्याने परतल्यावर लिहिले. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधील ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका लहानशा सभेत तो अनिच्छेनेच गेला असता, तेथे कोणीतरी ल्यूथरची रोमकरांस पत्रावरील प्रस्तावना वाचीत होते. पावणेनऊच्या सुमारास आपले अंतःकरण विलक्षण ऊबदार झाले आणि ख्रिस्ताने आपली पापे काढून टाकली असा भरवसा वाटला, अशी त्याची नोंद आहे.

येथे या कथेचा गोड शेवट करता आला असता. पण पुढचे प्रकरण तसे होऊ देत नाही. चारच वर्षांत, ब्रिस्टल येथील सभागृहावरचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी असे वेस्लीच्या मंडळीत ठरले, आणि ती गोळा करण्यासाठी सभासदांचे जे लहान गट पाडले, तेच पुढे त्यांच्या आत्मिक चौकशीचे गट झाले. ज्याचे वर्तन समाधानकारक आढळे त्याला दर तिमाहीस एक छापील तिकीट मिळे. ज्याला ते मिळत नसे तो बाहेर राही. कर्ज, वर्गणी आणि छापील कागद ही तिन्ही पुन्हा एकत्र आली. वेस्लीने मोक्ष विकला असे म्हणणे शुद्ध अन्याय होईल. त्या गटांनी हजारो खाणकामगारांना दारूपासून सोडविले व एकमेकांच्या आधारास लावले. तरीही खिशात तिकीट असलेल्याला ते नसलेल्याविषयी काय वाटत असेल, याची कल्पना करणे कठीण नाही.

ही परंपरा वळणे घेत महाराष्ट्रातही येऊन पोहोचली. वेस्लीच्या प्रभावाखाली आलेल्या कॉर्नवॉल प्रांतात विल्यम हॅस्लम नावाचा एक अँग्लिकन धर्मगुरू होता. मंडळीचे विधी काटेकोर पाळणारा, मंदिरे बांधणारा, आपल्या कर्तव्यात चोख. सन १८५१ मध्ये व्यासपीठावरून उपदेश करीत असताना त्याला अचानक जाणवले, की जे आपण लोकांना सांगत आहोत ते आपल्यालाच मिळालेले नाही. आणि श्रोत्यांतून एकजण ओरडला, की पाळकाचेच परिवर्तन झाले. हॅस्लमने पुढे लिहिलेले आत्मवृत्त पंडिता रमाबाईंच्या हाती पडले. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही कन्या आईबापांबरोबर तीर्थोतीर्थी पुराणे सांगत वाढली. घरचा पैसा दानधर्म व व्रते यांत संपला, आणि सन १८७४ च्या सुमारास, दुष्काळाच्या दिवसांत, तिने आईबाप गमावले. सन १८८३ मध्ये इंग्लंडातील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला, सन १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, ते पुढे पुण्यास नेले. बाहेरून पाहता ख्रिस्ती जीवनाला यापेक्षा अधिक काय हवे? पण आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र मिळाला नाही, असे त्यांना वाटू लागले होते, आणि याचा दोष त्यांनी दुसऱ्या कोणावर टाकला नाही. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, हॅस्लमचा अनुभव वाचून, आपण धर्माचे काही करावे म्हणजे मग तारण मिळेल ही समजूत त्यांनी सोडून दिली. त्यांच्या आत्मवृत्तात एक लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे: जुन्या धर्मातील पुण्यसंचयाविषयी त्या जितक्या कठोरपणे लिहितात, तितक्याच कठोरपणे स्वतःच्या पहिल्या ख्रिस्ती वर्षांविषयीही लिहितात. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी दुष्काळातून आणलेल्या शेकडो अनाथ मुलींना आश्रय दिला तो यानंतर. त्या कामाची जमा त्यांनी आपल्या नावे कधी मांडली नाही.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी, फुग्गरच्या त्याच आउग्सबुर्ग नगरात, लूथरन मंडळ्यांचा जागतिक संघ व रोमन कॅथलिक मंडळी यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, आणि मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो केवळ कृपेने, हे दोघांनी मिळून मान्य केले. सन २००६ मध्ये वेस्लीच्या परंपरेतील मेथडिस्ट मंडळ्यांनीही त्या घोषणेला संमती दिली. सिद्धांताचा तंटा असा बहुतेक मिटला. मात्र सिद्धांत मान्य असणे आणि कृपा अंगी मुरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेच गेल्या पाचशे वर्षांचा इतिहास पुन्हा पुन्हा सांगतो. कारण कृपेवरचा विश्वाससुद्धा मनुष्य आपल्या खात्यावर जमा करू शकतो, आणि ती जमा सर्वांत शेवटी ध्यानात येते.

म्हणून या सर्व दप्तरांतून एकच कागद निवडावयाचा असेल तर मी ना ती ९५ प्रमेये निवडीन, ना ट्रेंटचा ठराव, ना आउग्सबुर्गची घोषणा. सन १५१९ च्या उन्हाळ्यात टेट्सेल लाइपझिगच्या मठात मरणाला टेकला होता. ज्यांनी त्याला कामावर नेमले त्यांनीच त्याला दूर लोटले होते, रोमच्या दूताने सर्व बोभाट्याचे खापर त्याच्यावर फोडले होते, आणि रस्त्यात लोक अंगावर येतील या भीतीने तो मठाबाहेर पडत नव्हता. त्या वेळी ल्यूथरने त्याला सांत्वनाचे पत्र पाठविले: हे प्रकरण तुमच्यामुळे उद्भवलेले नाही, त्याचा जनक दुसराच कोणी आहे, तेव्हा मनाला लावून घेऊ नका, असा त्याचा आशय होता. हरलेल्या प्रतिपक्षाला, कोणी मागितलेले नसताना आणि कोणता मोबदला मिळण्याजोगा नसताना लिहिलेले ते पत्र, ल्यूथरच्या हातून कृपेविषयी निघालेल्या साऱ्या लिखाणात मला सर्वांत खरे वाटते.